केसरी (वृत्तपत्र)

पुण्यातून निघणारे मराठी वृत्तपत्र. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी काढलेल्या या साप्ताहिकाचा पहिला अंक मंगळवार, ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. त्याच सुमारास त्यांचे ‘मराठा’ हे इंग्रजी पत्रही सुरू झाले. पहिले संपादक आगरकर होते. टिळकांशी मतभेद होऊन ते १८८७ मध्ये बाहेर पडले.

‘केसरी’मुळे टिळक-आगरकरांना घडलेला पहिला तुरुंगवास राजद्रोहाचा नव्हता. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचे आरोप पत्राने केले. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट ठरली आणि कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते.

१८९७ च्या प्लेगात घरतपासणीच्या जुलमावर ‘केसरी’ने सडकून टीका केली. २२ जूनला पुण्यातील प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुण्यावर बसलेल्या जरबेला ‘केसरी’चे उत्तर होते ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख. टिळकांवर खटला मात्र १५ जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर भरला गेला. न्या. स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा राजद्रोहाच्या कलम १२४-अ चा अर्थ लावला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी, तर तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष ठरवले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने ते कलम दुरुस्तीने आणखी व्यापक केले.

१९०८ चा खटला सर्वांत गाजला. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर सरकारने स्फोटक पदार्थांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन नवे कायदे घाईघाईने आणले. वृत्तपत्रांचा कायदा सोमवारी, ८ जूनला संमत झाला. मंगळवारी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा लेख हजर! तो आणि १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ हे लेख आरोपपत्रात आले. घरझडतीत सापडलेले एक पोस्टकार्डही पुराव्यात मांडले गेले. त्यावर स्फोटकांवरील पुस्तकांची नावे होती. नव्या कायद्यातील व्याख्येवर टीका करण्यासाठी ती टिपली होती, असा टिळकांचा खुलासा. एखाद्या संपादकाच्या टेबलावर दुसरे काय सापडणार? पूर्वी, १८९७ मध्ये, टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दावर आता न्यायाधीश होते. बॅरिस्टर जिनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. टिळकांनी आपली बाजू स्वतः, कित्येक दिवस मांडली. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी फुटली आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळे पाणी व हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली गेली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

टिळक मंडालेला असताना खाडिलकर, केळकरांनी पत्र चालू ठेवले. १९१० च्या प्रेस ॲक्टने छापखान्यांकडून जामीन रक्कम मागण्याचे हत्यार सरकारच्या हाती दिले होते, तेव्हा प्रत्येक अग्रलेख तोलूनमापून लिहावा लागे. त्या काळच्या ‘केसरी’त धार कमी वाटते ती यामुळे. टिळक जून १९१४ मध्ये परतले. कलम १२४-अ स्वातंत्र्यानंतरही कायम राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवण्याचा आदेश दिला.