शेपटीच्या छिद्रावरून झालेली वाटणी

गोव्यातल्या विद्यार्थ्याला गोलकृमींचा संघ तीन नावांनी भेटतो. दवाखान्यात तो जंत, कुळागराला (सुपारी-मिरी-केळीच्या बागेला) भेट देणाऱ्या तज्ज्ञाकडे सूत्रकृमी आणि अकरावीच्या पुस्तकात ‘अ‍ॅस्केल्मिंथीस’. घोळ तिसऱ्या नावात आहे. नावांचा गोंधळ तसा जुनाच: १७५८ सालीच पोटातल्या मोठ्या जंताला ‘गांडुळासारखा’ अशा अर्थाचे नाव मिळाले, अंगावर गांडुळासारखे खंड नसतानाही. १९१० मध्ये आभासी देहगुहेवरून (पूर्ण अस्तर नसलेल्या शरीरपोकळीवरून) गोलकृमी, रोटिफर हे पाण्यातले सूक्ष्म जीव वगैरे या तिसऱ्या नावाच्या एकाच पोतडीत भरले गेले. पोतडी कधीच फाटली, पुस्तकात मात्र ती अजून शाबूत आहे.

खरी चूक संघाच्या आतल्या वाटणीत झाली. १९३३ साली एकच खूण धरली गेली: शेपटीच्या दोन्ही बाजूंना फॅस्मिड नावाची ग्रंथिछिद्रे आहेत की नाहीत. त्यातले ‘आहेत’वाल्यांचे ‘फॅस्मिडिया’ हे नाव काडीकिड्यांच्या नावाशी टक्कर घेई, म्हणून १९५८ मध्ये ‘आहेत’वाल्यांना ‘सेसर्नेन्टिया’ आणि ‘नाहीत’वाल्यांना ‘अ‍ॅडेनोफोरिया’ आले. पाटी बदलली, खूण तीच राहिली. ‘नाहीत’वाला गट म्हणजे उरलेसुरले, अशा गटाला नाते कसले?

शिवाय ही खूण दिसायलाही कठीण. कृमी ६० ते ६५ अंश सेल्सिअसला मारून ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा लागतो. थंड द्रावणात तो वेटोळे घालून मरतो आणि शेपटी आडवी पडत नाही. पाण्यातून थेट ग्लिसरीनमध्ये नेला की चेपतो. मग तेलभिंगाखाली (तेलाचा थेंब घालून वापरायच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली) १००० पट मोठा करून शोधायचे. एवढे करूनही भाताच्या पानाचे टोक पांढरे करणाऱ्या कृमीत छिद्रे सहसा सापडत नाहीत. तो बसवला मात्र ‘आहेत’वाल्यांत.

१९९७ मध्ये जनुकक्रमांनी गोलकृमींना कीटकांसोबत कात टाकणाऱ्यांत नेले. १९९८ मध्ये पाच शाखा दिसल्या, २००२ मध्ये क्रोमॅडोरिया आणि एनोप्लिया हे वर्ग मांडले गेले. फॅस्मिडवाले सगळे क्रोमॅडोरियात गेले, पण खाडीच्या गाळातले फॅस्मिड नसलेले कित्येक वंशही तिथेच आले.

कुळागरात याचा उपयोग होतो. मिरवेल आणि केळीची मुळे पोखरणारा रॅडोफोलस क्रोमॅडोरियातला, विषाणू वाहणारा झिफिनेमा एनोप्लियातला. तोंडात सुई दोघांच्याही, उगम मात्र वेगळे: पहिल्याच्या आखूड सुईच्या बुडाला तीन गाठी, दुसऱ्याच्या लांब सुईच्या बुडाला पसरट कडा. हे ४०० पटीतही दिसते, शेपटी शोधत बसावे लागत नाही.