वैवाहिक कायद्यातील ‘क्रुएल्टी’ : पार्श्वभूमी

वैवाहिक दाव्यांत ‘क्रुएल्टी’ या इंग्रजी शब्दाला जो अर्थ आहे, तो रोजच्या बोलण्यातील निर्दयपणाहून वेगळा असून त्याची घडण इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांत झाली. १७९० मध्ये इव्हान्स विरुद्ध इव्हान्स या खटल्यात असे ठरले की जीव, अवयव किंवा आरोग्य यांना धोका असेल, वा तशी सार्थ भीती असेल, तरच ती क्रुएल्टी. उद्धट बोलणे, तापट स्वभाव किंवा मन दुखावणे एवढ्यावर भागणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये यमुनाबाई विरुद्ध नारायण मोरेश्वर पेंडसे या खटल्यात हिंदू पतिपत्नींनाही हीच कसोटी लावली.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने क्रुएल्टीच्या कारणावरून घटस्फोट दिला नाही, फक्त न्यायालयामार्फत विभक्त राहण्याची मुभा दिली. मात्र त्यातील शब्दयोजना इंग्रजी कसोटीपेक्षा सैल होती, आणि हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या दास्ताने खटल्यात नेमका हेरला. पुण्यात लग्न झालेल्या या जोडप्यापैकी पत्नी आत्महत्येच्या व घर पेटवून देण्याच्या धमक्या देत असे आणि पती व सासूसासरे यांना सतत अपमानास्पद बोलत असे. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले की जिवाला धोका असणे आवश्यक नाही, एकत्र राहणे अपायकारक ठरेल अशी रास्त भीती पुरेशी आहे. गंमत अशी की क्रुएल्टी सिद्ध होऊनही पती हरला, कारण त्यानंतरही दोघे नांदत राहिल्याने त्याने ती माफ केली असे मानले गेले.

पुढच्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने क्रुएल्टी हे घटस्फोटाचे कारण झाले आणि त्या भीतीची अटही गळाली. व्याख्या मात्र मुद्दामच दिली गेली नाही, असे म्हणावेसे वाटते. त्यामुळे मानसिक क्रुएल्टीचा अर्थ निकालागणिक विस्तारत गेला.

फौजदारी कायद्याने वेगळी वाट धरली. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेल्या, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत असलेल्या तरतुदीत, पैशासाठीचा छळ किंवा विवाहितेला आत्महत्येस प्रवृत्त करणारे किंवा जीव, अवयव वा आरोग्य यांना गंभीर इजा पोचवणारे हेतुपुरस्सर वर्तन अपेक्षित आहे. १७९० ची शब्दावली इथे जवळपास तशीच टिकून आहे. साहजिकच जे वर्तन कुटुंब न्यायालयात घटस्फोटाला पुरते, ते फौजदारी न्यायालयात शिक्षेला पुरेलच असे नाही.