लेबल गेलेले सोल्डर: शिशाचे की बिनशिशाचे?

इंदुरात एखादे जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आवरले जाते, तेव्हा सामानाबरोबर सोल्डरची, म्हणजे वितळवून सुटे भाग जोडायच्या धातूच्या तारेची, अर्धीमुर्धी रिळेही विकायला निघतात आणि पुष्कळदा त्यांच्यावरचे लेबल केव्हाच गळून गेलेले असते. अशी तार दोनपैकी एका जातीची असते. शिशाच्या सोल्डरमध्ये बहुधा ६० किंवा ६३ टक्के कथील आणि उरलेले शिसे असते. बिनशिशाच्या सोल्डरमध्ये बहुधा कथीलच ९५ टक्क्यांहून अधिक असून त्याच्या जोडीला थोडे तांबे आणि कधी ३ टक्के चांदी असते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून आणि भारताने १ मे २०१४ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर मर्यादा घातली असली, तरी दुरुस्तीच्या टेबलावर शिशाची तार आजही सर्रास दिसते, त्यामुळे रिळाच्या वयावरून काहीच ठरत नाही.

रूपावरूनही ठरत नाही. शिशाचा सांधा चकचकीत आणि बिनशिशाचा मंद, हा ठोकताळा ढोबळ आहे. थंड होताना हललेला शिशाचा सांधाही मंदच दिसतो, तर निकेल घातलेले बिनशिशाचे सोल्डर छान चकाकते. कागदावर तार घासून उठणारी करडी रेघ शिशाकडे बोट दाखवते खरी, पण जुन्या तारेवरचा मळही तशीच रेघ उठवतो.

खरा फरक वितळण्यात आहे. कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते, तर बिनशिशाचे २१७ ते २२७ अंशांच्या दरम्यान. म्हणून तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न २०० अंशांवर ठेवून तार टेकवावी. वितळली तर शिशाची. आयर्नवरचा आकडा दहा-पंधरा अंशांनी चुकू शकतो, तेव्हा आधी खात्रीची ६३ टक्क्यांची तार लावून पाहणे बरे. मात्र कथील २० टक्के असो वा ९०, वितळण्याची सुरुवात १८३ अंशांनाच होते. शिसे किती, हे या चाचणीतून कळत नाही.

ते घनतेवरून कळते, कारण ६३ टक्के कथिलाच्या सोल्डरची घनता घनसेंटीमीटरला सुमारे ८.४ ग्रॅम आणि बिनशिशाच्याची ७.४ असते. पण तार जशीच्या तशी मोजली की फसगत ठरलेली. तारेच्या पोटात राळेचा फ्लक्स, म्हणजे सांधा नीट धरावा म्हणून घातलेला पदार्थ, असतो. तो वजनाने अवघा २ टक्के असला, तरी हलका असल्यामुळे जागा बरीच अडवतो, आणि ८.४ घनतेची शिशाची तार मोजणीत नेमकी ७.४ भरते, म्हणजे हुबेहूब बिनशिशाची! म्हणून हवेशीर जागी, स्वयंपाकघराबाहेर, तार वितळवून वर आलेली राळ काढून टाकावी आणि पूर्ण थंड झालेला गोळा स्पिरिटने पुसून घ्यावा. मग गोळ्याचे वजन करून पाण्याचे भांडे सराफाकडे असतो तशा बारीक काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला गोळा तळाला टेकू न देता बुडवावा. काटा जितके ग्रॅम दाखवील, तितके घनसेंटीमीटर गोळ्याचे आकारमान; वजनाला त्याने भागले की घनता मिळते. पन्नास ग्रॅमचा शिशाच्या सोल्डरचा गोळा सुमारे ५.९ दाखवील, बिनशिशाचा ६.८. उत्तर ८.९ घनतेच्या आसपास आले तर कथील-शिसे निम्मेनिम्म समजावे, ७.९ आले आणि वितळणे १८३ अंशांनाच सुरू झाले असेल, तर कथील ८० टक्क्यांच्या जवळपास आहे. बिस्मथचे सोल्डर घनतेत शिशाच्या सोल्डरसारखेच भरते, पण ते १३८ अंशांनाच वितळते, म्हणून दोन्ही चाचण्या सोबतच कराव्यात.

सोन्याचा कस पाहणारे एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारे, यंत्र शिसे आहे की नाही एवढे सांगू शकेल, मात्र ते सोन्यासाठी जुळवलेले असल्याने त्यातली टक्केवारी धरून चालू नये. आणि या सगळ्यानंतरही शंका उरली, तर ती तार शिशाचीच मानून वापरावी: काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि कल्हईच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांपासून ती दूर ठेवावी.