विजेला डबा नव्हता: पेट्रोल पंप आणि चार्जिंग स्टेशनची पार्श्वभूमी

चार्जिंगची सोय नाही म्हणून इलेक्ट्रिक गाड्या खपत नाहीत आणि गाड्या नाहीत म्हणून सोय होत नाही, हे गाऱ्हाणं सतत कानावर येतं. पेट्रोलच्या गाडीपुढे सुरुवातीला हा पेच फारसा आलाच नाही, कारण पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येत होतं.

१८८८च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलची गाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीनं निघाल्या. अंतर शंभरेक किलोमीटर, आणि वाटेत एकही पंप नाही, कारण तेव्हा पंपच नव्हते. वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानात लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखंच एक द्रावक, मिळालं, तेच टाकीत ओतलं. पुढेही बरीच वर्षं पेट्रोल दुकानांतून, डब्यांतूनच विकलं जाई. गल्फ या तेल कंपनीनं अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, गाडी थेट आत नेऊन टाकी भरून घ्यावी असा पंप उघडला तो १९१३ साली. तोवर गाड्या रस्त्यावर रुळल्या होत्या.

विजेचं तसं नव्हतं. १९००च्या सुमारास अमेरिकेतल्या साधारण एक तृतीयांश गाड्या विजेवर धावत, पण शहरातच. १९३०च्या दशकाच्या मध्यावरही तिथल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीज पोचली नव्हती. तिथे गाडी चार्ज करणार कशी? शहरातल्या चार्जिंगच्या कटकटीवर मात्र अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीनं काढलेला उपाय मला आजही थक्क करतो. १९१०च्या दशकात तिथे ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा, उतरलेली बॅटरी कंपनीकडून बदलून घ्यायची आणि मैलांच्या हिशेबानं पैसे भरायचे. योजना काही वर्षं चालली, मग पेट्रोलच्या लाटेत विरली.

१९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक गाड्या परतल्या त्या दोन न जुळणाऱ्या चार्जिंग पद्धती घेऊन. प्लगांचं ते भांडण पुढेही बरंच रेंगाळलं.

वेगाचा फरक तर मोठाच आहे. मिनिटाला ३५ लिटर सोडणारा पंप तेवढ्या वेळात ३०० युनिटांहून अधिक ऊर्जा टाकीत ओततो. ३५० किलोवॉटचा चार्जर जेमतेम सहा. विजेची मोटर ऊर्जा कितीतरी काटकसरीनं वापरते, तरी तफावत उरतेच. मात्र पेट्रोल जमिनीखालच्या टाक्यांत साठवावं लागतं, म्हणून त्याला राखीव जागा लागते. विजेची तार गाडी रात्रभर जिथे उभी असते तिथेच नेता येते. ज्यांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्यांच्यापर्यंत ही तार अजून क्वचितच पोचली आहे.