पिंजरा आहे म्हणून पट्टा नको? हा समज जिवावर बेततो

पोलारिस रेंजर ५७० सारख्या शेतकामाच्या मध्यम आकाराच्या साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी बसायच्या, उघड्या चारचाकी) गाड्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: डोक्यावर लोखंडी पिंजरा आहे, मग सीटबेल्ट कशाला? गाडी कलंडलीच तर उडी मारायची. हे साफ चुकीचं आहे.

पिंजरा जागा राखतो ती आत बसलेल्यासाठी. बेल्ट न लावलेला माणूस गाडी कलंडते त्याच बाजूला फेकला जातो आणि त्याच पिंजऱ्याचा पाइप त्याच्या छातीवर येतो. पाय टेकवून गाडी सावरायला जावं, तर पायच खाली चिरडतो. काही क्विंटलचं धूड पायाने पेलत नाही. हौद्यात फवारणीची अर्धी भरलेली टाकी असेल तर आडव्या उतारावर पाणी खालच्या अंगाला धावतं आणि तोल आणखी लवकर जातो.

चार चाकं आहेत म्हणून कलंडणार नाही, हेही खरं नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये नव्या तीनचाकी एटीव्हींची (मोटरसायकलसारखं मांड टाकून चालवायच्या रानगाड्यांची) विक्री थांबली, चारचाकी कलंडायच्या थांबल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाड बाइकला, म्हणजे चारचाकी एटीव्हीला, चालकाचं रक्षण करणारी चौकट सक्तीची आहे.

बसलात की आधी बाजूची जाळी लावा, बेल्टचा 'खट्' आवाज ऐका, मगच किल्ली फिरवा. गाडी कलंडू लागली तरी हातपाय आतच ठेवा.