इराणच्या आखातातील प्रारंभिक तेलशोध व ब्रिटिश नौदल

इराणच्या आखाताच्या अरबी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश युद्धनौका व राजकीय अधिकारी यांच्या नजरेखाली झालेला खनिज तेलाचा शोध. त्याचा काळ सामान्यतः १९०४–०५ मधील भूवैज्ञानिक पाहणीपासून १९३८ मध्ये कुवेत व सौदी अरेबियात मोठे साठे हाती लागेपर्यंत धरला जातो. काही लेखक आरंभ १९१३ पासून मानतात. मात्र १९१३ मध्ये आखातात आलेल्या ब्रिटिश स्लेड आयोगापुढे किनाऱ्याचे भूवैज्ञानिक वर्णन आधीच छापील स्वरूपात होते, हे लक्षात घेता आधीचे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

नौदलाची देखरेख तेलासाठी निर्माण झाली नव्हती. १८२० चा सर्वसाधारण तह, १८५३ चा कायमचा सागरी तह, १८९२ चे अनन्य करार आणि कुवेतशी २३ जानेवारी १८९९ रोजी झालेला गुप्त करार यांतून ती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. चाचेगिरीचा बंदोबस्त, मोत्यांच्या हंगामातील शांतता आणि परकीय सत्तांना दूर ठेवणे हे तिचे हेतू होते. आखाताचे पहिले पद्धतशीर सागरी नकाशे १८२० च्या दशकात बाँबे मरीनच्या अधिकाऱ्यांनी केले. इराणमधील बुशहर येथील रेसिडेन्सी (आखातातील ब्रिटिश राजकीय प्रतिनिधीचे, म्हणजे रेसिडेंटचे, कार्यालय) १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती, नंतर ती हिंदुस्थान सरकारकडे गेली. १८६३ मध्ये इंडियन नेव्ही मोडल्यावर गस्तीचे काम शाही नौदलाने घेतले. रेसिडेंटच्या दिमतीला मात्र रॉयल इंडियन मरीनचे ‘लॉरेन्स’ हे जहाज असे. त्यामुळे तेलाचा पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा तो लंडन, सिमला, बुशहर आणि किनाऱ्यावरील एजंट अशा साखळीतून गेला. एकाच प्रश्नावर नौदल खाते, इंडिया ऑफिस व पुढे वसाहत खाते यांची मते वेगळी का दिसतात, याचे उत्तर या साखळीत आहे.

पिलग्रिम यांची पाहणी : जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे गाय पिलग्रिम यांनी १९०४–०५ मध्ये आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांची पाहणी केली. ती १९०८ मध्ये त्या संस्थेच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. बहरैन बेटाची घुमटाकार रचना (खडकांचे थर वर फुगून तेल अडकू शकेल अशी ठेवण) व तेथील डांबर यांची नोंद तीत आहे. डांबराचे झरे स्थानिक लोकांना अर्थातच पूर्वापार माहीत होते. मेसोपोटेमियातील हीत येथील डांबराचा व्यापार तर अतिप्राचीन आहे. पिलग्रिम यांनी ही माहिती खडकांच्या थरांशी जोडली आणि हे काम मूलगामी होते. पुढील श्रेय बहुधा कंपन्यांच्या भूवैज्ञानिकांना मिळाले, हे खेदाने नमूद करावे लागते.

स्लेड आयोग : ब्रिटिश अॅडमिरल जॉन फिशर यांच्या आग्रहामुळे नौदल कोळशाकडून तेलाकडे वळू लागले होते. इराणमध्ये विल्यम नॉक्स डार्सी यांना १९०१ मध्ये मिळालेल्या सवलतीतून (तेल शोधण्याच्या व काढण्याच्या हक्कातून) २६ मे १९०८ रोजी मस्जिदे सुलेमान येथे तेल लागले व १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. या कंपनीत सरकारी भांडवल घालावे की नाही हे ठरविण्यासाठी अॅडमिरल एडमंड स्लेड यांच्या नेतृत्वाखाली १९१३ च्या अखेरीस एक आयोग आखातात आला. स्लेड पूर्वी ईस्ट इंडीज नौदल विभागाचे प्रमुख होते. आयोगात जॉन कॅडमन व जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे एडविन पॅस्को होते. आयोगाने कुवेत व बहरैन येथेही भेट दिली.

या भेटीच्या हेतूविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार अरबी किनारा ताब्यात ठेवण्याची ही योजनाबद्ध पूर्वतयारी होती. दुसऱ्या मतानुसार आयोगाचे मुख्य काम इराणमधील विहिरी व अबादान येथील शुद्धीकरण कारखाना तपासणे हेच होते आणि अरबी किनाऱ्याची भेट ही त्याची पुरवणी होती. आयोगाचे बहुतांश लक्ष अँग्लो-पर्शियनच्या क्षेत्रावर होते, म्हणून दुसरे मत अधिक पटते. आयोगाच्या अनुकूल अहवालानंतर ब्रिटिश सरकारने सुमारे २२ लाख पौंड गुंतवून कंपनीत बहुमताचा वाटा घेतला. १७ जून १९१४ रोजी संसदेने त्यास २५४ विरुद्ध १८ मतांनी मान्यता दिली. स्लेड पुढे सरकारनियुक्त संचालक म्हणून त्याच कंपनीच्या मंडळावर बसले.

शेखांची वचनपत्रे : पुरवणी म्हणून झालेल्या या भेटीचे राजकीय फळ मात्र मोठे होते. कुवेतचे शेख मुबारक यांनी २७ ऑक्टोबर १९१३ रोजी रेसिडेंट पर्सी कॉक्स यांना पत्र दिले. अॅडमिरल स्लेड यांच्यासोबत आपला एक मुलगा देऊन बुर्गान व इतरत्र असलेली डांबराची जागा दाखवू, आणि तेल मिळण्याची आशा दिसल्यास ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्यक्तीखेरीज कोणासही सवलत देणार नाही, असा त्याचा आशय आहे. बहरैनचे शेख ईसा बिन अली यांनी १४ मे १९१४ रोजी असेच वचन दिले. त्यात स्वतः तेल काढणार नाही, हेही कबूल केलेले होते. कतारशी ३ नोव्हेंबर १९१६ रोजी झालेल्या तहात तेलाचा स्वतंत्र उल्लेख नाही; मोती व अन्य मक्ते आणि सवलती यांवरील सर्वसाधारण बंधनात ते येते. ट्रूशियल किनाऱ्यावरील (आजच्या संयुक्त अरब अमिरातींच्या किनाऱ्यावरील) शेखांची वचने १९२२ ची असून त्यांची भाषा कुवेतच्या पत्राशी जुळते. मस्कतच्या सुलतानाने १९२३ मध्ये तशीच हमी दिली.

या कागदांनी शोध पुढे नेला नाही, थांबवून ठेवला. ज्याला परवानगी मिळू शकत होती त्या अँग्लो-पर्शियन कंपनीला अरबी बाजूची घाई नव्हती आणि इतरांना दार बंद होते. कुवेतच्या पत्रानंतर बुर्गानमध्ये तेल लागण्यास जवळजवळ पाव शतक गेले.

पहिल्या महायुद्धात ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदी फौजा शत्-अल्-अरबच्या मुखाजवळील फाओ येथे उतरल्या. ही कारवाई अबादानच्या रक्षणासाठी होती की अरब शेखांवरील वजन टिकविण्यासाठी, हा वाद जुना आहे. दोन्ही कारणे समकालीन टिपणांत आढळतात.

खडकांचा प्रश्न : युद्धानंतर न्यूझीलंडचे फ्रँक होम्स यांनी ईस्टर्न अँड जनरल सिंडिकेटतर्फे १९२३ मध्ये पुढे सौदी अरेबियाचे राजे झालेल्या इब्न सौदकडून पूर्व अरबस्तानातील अल्-हसा प्रांताची सवलत मिळविली. तेथे १९२४ मध्ये आलेल्या आर्नोल्ड हाइम या स्विस भूवैज्ञानिकांचे मत प्रतिकूल पडले. अँग्लो-पर्शियनतर्फे जॉर्ज लीस यांनी १९२५–२६ मध्ये ओमानची पाहणी केली, तिचाही निष्कर्ष उत्साहवर्धक नव्हता. या निराशेमागे निश्चित भूवैज्ञानिक तर्क होता. इराणमध्ये तेल ऑलिगोसीन-मायोसीन काळातील अस्मारी चुनखडकात सापडले होते आणि त्यावर मीठ व जिप्सम यांच्या थरांचे घट्ट झाकण होते. अरबी बाजूस अशी जोडी आढळत नाही, म्हणून तेथे तेल टिकले नसावे, असे अनुमान निघाले. निरीक्षण बरोबर होते. चूक होती ती इराणचा थर हीच एकमेव शक्यता मानण्यात. अरबी बाजूचे साठे अधिक खोल व जुन्या थरांत निघाले: बहरैन व बुर्गान येथे क्रिटेशस काळाच्या, तर सौदी अरेबियातील दम्माम येथे जुरासिक काळाच्या खडकांत. इराणच्या घड्या तीव्र आहेत, तर अरबी मंचावरील (अरबी बाजूच्या स्थिर भूभागावरील) घुमट इतके सौम्य आहेत की जमिनीवरून त्यांचा उतार डोळ्यांना जेमतेम जाणवतो. बहरैनचा घुमट ठळक असल्यामुळे तेथे प्रथम वेधन (तेलविहिरीची खोदाई) झाले, हे सयुक्तिक आहे.

बहरैन व राष्ट्रीयत्वाची अट : होम्स यांनी बहरैनमध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी खणून शेखांचा विश्वास मिळविला आणि २ डिसेंबर १९२५ रोजी तेलसवलत मिळविली. लंडनमध्ये भांडवल उभे न राहिल्याने हक्क १९२७ मध्ये अमेरिकेच्या गल्फ कंपनीकडे गेले. तिचे राल्फ ऱ्होड्स यांनी १९२८ मध्ये घुमटाचे नकाशे तयार केले. त्याच वर्षी ३१ जुलैला झालेल्या लाल रेषेच्या करारामुळे (पूर्वीच्या ऑटोमन साम्राज्याच्या आखून दिलेल्या हद्दीत भागीदार कंपन्यांनी स्वतंत्रपणे सवलती न घेण्याचा करार) गल्फला बहरैन सोडावे लागले व सवलत स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाकडे आली. सवलत ब्रिटिशांकडेच राहावी, असा ब्रिटिश सरकारचा आग्रह होता. अखेर १९२९ मध्ये कॅनडात नोंदलेली बहरैन पेट्रोलियम कंपनी स्थापून आणि स्थानिक प्रतिनिधीच्या नेमणुकीस ब्रिटिश संमती आवश्यक ठरवून तडजोड झाली.

जबल दुखान येथील पहिल्या विहिरीचे वेधन १६ ऑक्टोबर १९३१ रोजी सुरू झाले. तेल लागल्याची तारीख ३१ मे, १ जून व २ जून १९३२ अशी वेगवेगळी दिली जाते. प्रथम प्रवाह व नियमित प्रवाह यांतील फरक त्यामागे असावा. खोली २,००८ फूट होती. मोत्यांचा धंदा जागतिक मंदी व जपानी संवर्धित मोत्यांमुळे कोसळत असताना हे तेल आले. बहरैनी मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती, त्यामुळे त्या पडझडीची झळ मुंबईच्या जव्हेरी व्यापाऱ्यांनाही बसली. १९३५ मध्ये नौदलाने आपला तळ इराणच्या हेंजाम बेटावरून बहरैनमधील जुफैर येथे हलविला. त्याचे कारण केवळ तेल मानणे चुकीचे ठरेल, कारण इराणशी बिघडलेले संबंधही तितकेच महत्त्वाचे होते.

अन्य प्रदेश : सौदी अरेबियाने १९३३ मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियास सवलत दिली, दम्माम क्र. ७ या विहिरीत मार्च १९३८ मध्ये विपुल तेल लागले. कुवेतची सवलत २३ डिसेंबर १९३४ रोजी अँग्लो-पर्शियन व गल्फ यांच्या संयुक्त कंपनीस मिळाली. बहरा येथील पहिली विहीर निष्फळ ठरली, पण फेब्रुवारी १९३८ मध्ये बुर्गान येथे तेल लागले. शेख मुबारक यांच्या पत्रात नाव आलेली जागा हीच. कतारची सवलत १७ मे १९३५ ची आहे. ट्रूशियल किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धापूर्वी वेधन झाले नाही. अबू धाबीने १९३९ मध्ये सवलत दिली, रास सद्र येथील पहिली विहीर १९५० नंतर कोरडी निघाली आणि सागरतळाखालील उम्म शैफ क्षेत्र १९५८ मध्ये सापडले.