डब्यात नुसता बर्फ नसतो: अवयव टिकवण्यामागचा इतिहास

इंदूरात 2015 पासून ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे दान केलेला अवयव वेळेत पोचावा म्हणून रस्ता मोकळा करणं, व्हायला लागले, आता तर एअरपोर्टकडचं ट्रॅफिक अचानक थांबवलं की आपल्याकडे लोक लगेच ओळखतात की लिव्हर नाहीतर हार्ट चाललंय. डब्यात बर्फ असतो हे सगळ्यांना माहीत, पण अवयव थेट बर्फावर ठेवत नाहीत, गोठला तर पेशीच फाटतात. तो खास द्रावणात, पिशव्यांमध्ये, 4 डिग्रीच्या आसपास ठेवतात आणि खरी करामत त्या द्रावणाची.

1954 ला बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली तेव्हा टिकवायचा प्रश्नच नव्हता, दोघंही तिथंच होते. मृत व्यक्तीचे अवयव घ्यायला लागले तेव्हा घड्याळ मागे लागलं. थंडीत पेशीला ऑक्सिजन खूप कमी लागतो हे चांगलं, पण त्याच थंडीत सोडियम बाहेर टाकणारा पंपही मंदावतो, मग सोडियम आत, त्याच्यामागे पाणी, आणि पेशी सुजत जाते.

1967 ला सॅन फ्रान्सिस्कोत फोल्कर्ट बेल्झर यांनी मशीननं किडनीतून थंड प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, फिरवत ठेवला आणि 17 तासांनी ती पेशंटला बसवली. पण मशीन अवजड. 1969 ला जेफ्री कॉलिन्स यांनी वेगळाच विचार केला, पेशीच्या आत असतं तसं भरपूर पोटॅशियम आणि कमी सोडियमवालं द्रावण बनवलं, त्यानं धुतलेली कुत्र्याची किडनी नुसत्या थंडीत 30 तास टिकली. मला तर हे मशीनपेक्षा मोठं काम वाटतं, कारण त्यामुळे किडनी साध्या डब्यातून दुसऱ्या शहरात जायला लागली.

लिव्हरला मात्र तरीही थोडेच तास मिळायचे, अर्ध्या रात्री सगळी टीम उठवून ऑपरेशन करायचं. 80 च्या दशकात बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी विस्कॉन्सिनला नवं द्रावण काढलं, त्यात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज, हे मोठे रेणू पेशीत सहज शिरत नाहीत आणि सूज रोखतात. लिव्हरचे तास कितीतरी वाढले.

हार्ट अजूनही अडतंय, थंडीत साधारण 4 तास, म्हणून तर एवढी पळापळ. आता काही ठिकाणी अंगाइतक्या गरम रक्तावर हार्ट धडधडत ठेवूनच नेतात, म्हणजे बेल्झर यांचं मशीन परत आलं, फक्त थंडीशिवाय.